मी सोडलं त्याले

लीलाबाईंना एखाद्या कागदावर सही मागितली की अर्धा तास गेलाच असं समजायचं. कागद कसलाही असो. शाळेत गॅसचं सिलिंडर आलं आणि टेम्पोवाल्यानं पावती पुढे केली, की त्या पदराला हात पुसत स्वयंपाकाच्या खोलीतून बाहेर यायच्या आणि माझ्या वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या.

"मॅडम, जरा वाचून दाखवा."

मी फळ्यावर भागाकार मांडत असायचे. "लीलाबाई, सिलिंडरची पावती आहे. सिलिंडर मिळालं, एवढंच लिहिलंय."

"असं नाही. वरच्या ओळीपासून वाचा."

मग मी वरच्या ओळीपासून वाचायचे. दुकानाचं नाव, पत्ता, सिलिंडरचा नंबर, खालची मुंगीएवढी अक्षरंसुद्धा. संपलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "आता अजून एकदा." बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत असायचा, वर्गातली पोरं तोंडावर हात धरून हसत असायची, आणि भागाकार अर्ध्यात लटकलेला असायचा. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्या पेन घ्यायच्या, जीभ दाताखाली धरायच्या आणि 'लीलाबाई' एवढी चार अक्षरं अशी काढायच्या की जणू दगडावर कोरताहेत.

बुऱ्हाणपूरहून इच्छापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी अकरा वर्षं शिकवलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्ये गाव, गावाच्या टोकाला आमची दोन खोल्यांची शाळा. मी राहायचे त्या बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्याहून सकाळची बस धरायचे, आणि शाळेत पोचेपर्यंत लीलाबाईंनी डाळ धुऊन ठेवलेली असायची. मुलांचं दुपारचं जेवण त्या शिजवायच्या. उंच, हाडकुळ्या, आवाज जरा घोगरा. शाळेचं काम संपलं की केळीच्या बागेत घड कापायला जायच्या. केळीचा चीक कपड्यावर पडला की तो काळा डाग काही केल्या निघत नाही. लीलाबाईंची डाग नसलेली साडी मी कधी पाहिली नाही.

कागद वाचून घ्यायच्या या खोडीमागचं कारण मला पहिल्याच वर्षी कळलं, आणि तेही त्यांच्याच तोंडून, वांगी चिरता चिरता. लग्नात त्यांच्या वडिलांनी त्यांच्या नावानं गावात घरापुरती जागा घेऊन दिली होती. नवऱ्यानं, म्हणजे रामदासनं, एक दिवस राशन कार्डाचा कागद आहे म्हणून त्यांचा अंगठा घेतला. पुढच्या महिन्यात त्या जागेवर दुसराच कोणीतरी पाया खणायला आला, तेव्हा बाईंना कळलं की अंगठा विक्रीच्या कागदावर होता.

"मग तुम्ही काय केलं?" मी विचारलं.

"काय करणार? खताच्या पोत्यात त्याचे कपडे भरले. पोतं नेऊन बस स्टॉपवर ठेवलं. तो मागे मागे आला, म्हणे घरी चल, लोक बघून ऱ्हायले. मी म्हटलं, बघू दे. बस आली, त्याले चढवलं, पोतं चढवलं." वांग्याचं देठ बाजूला टाकून त्या पुढे म्हणाल्या, "तिकीट मीच काढलं मॅडम. फुकट नाही पाठवला."

रामदास नेपानगरकडे बहिणीच्या घरी जाऊन राहिला. तेव्हा मुलगी वर्षा नुकती पहिलीत होती. तिच्याच पाटीवर लीलाबाई सही शिकल्या. अंगठा पुन्हा म्हणून कुठल्या कागदावर टेकवला नाही. वरून पंचायतीत सहा महिने खेटे घालून घराच्या सरकारी नोंदीतून रामदासचं नाव काढून घेतलं. या नोंदीला आमच्याकडे 'समग्र' म्हणतात, आणि तिच्याशिवाय या राज्यात पान हलत नाही. "घरात नाही तर कागदावर काहाले?" असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा ते फार आवडलं होतं. पुढे याच गोष्टीनं माझं डोकं उठणार होतं हे मला कुठं माहीत!

काही वर्षांनी सरकारनं गरीब घरांतल्या बायकांना बहिणी म्हणून त्यांच्या खात्यात दर महिन्याला थेट पैसे टाकायचं ठरवलं. हजार रुपयांपासून सुरुवात होती. शनवाऱ्यात आमच्या आळीत यावर भलतीच चर्चा. आता बायका काम सोडतील, पावडर-टिकल्यांत पैसे उडवतील, शेताला मजूर मिळणार नाही. बोलणारे सगळे पेन्शन घेणारे. गावात मात्र फॉर्म भरायचं शिबिर माझ्याच शाळेत लागलं, आणि फॉर्म भरायची ड्यूटी अर्थात मास्तरणीवर. आठ दिवस शिकवणं बंद. एका टेबलावर मी कागदी फॉर्म भरायचे, शेजारी कॉम्प्युटरवर एक ऑपरेटर बसायचे, चाळिशीतले, कायम चहा मागणारे गृहस्थ.

त्या आठ दिवसांत लीलाबाईंनी मला वेड लावायचं तेवढं बाकी ठेवलं. खिचडी शेगडीवर चढवून त्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या. समोर बाई बसली की मी विचारायच्या आधी यांचा प्रश्न, "खातं कोणाचं? तुझं का घरधन्याचं?" बाईनं नवऱ्याचा मोबाइल नंबर सांगितला की यांनी कागदावर हातच ठेवला.

"असं नाही मॅडम. नंबर त्याचा लिखला तर मेसेज त्याले जाणार. पैसे हिचे आले हे हिलेच कळणार नाही."

"अहो, पण तिच्याकडे फोनच नाही!"

"मग माझा लिखा."

अशा बारा बायकांच्या खात्यांना लीलाबाईंचा नंबर लागला. बाहेर नवरे मंडळी कुरकुरत होती, ऑपरेटर म्हणत होते, "मॅडम, इनको किचन में भेजो ना," आणि खिचडी दोनदा खाली लागली. करपलेल्या खिचडीची तक्रार पोरांनी माझ्याकडे केली, यांच्याकडे नाही.

सातव्या दिवशी दुपारी त्या स्वतः समोर येऊन बसल्या. कागदपत्रं चोख. फोटो निघाला, आधार जुळलं, सगळं कसं सुरळीत चाललं होतं. मग आला तो रकाना. वैवाहिक स्थिती. विवाहित, विधवा, तलाकशुदा, परित्यक्ता. चारांतला एक.

मी 'विवाहित' म्हटलं. ऑपरेटरनं बटण दाबलं, कॉम्प्युटरनं नकार दिला. विवाहित असाल तर घराच्या नोंदीत नवरा दाखवा. नवऱ्याचं नाव तर बाईंनीच काढून टाकलेलं. विधवा नाही, रामदास ठणठणीत होता. तलाकशुदा म्हणावं तर कोर्टाचा कागद लागतो. "परित्यक्ता डाल दो, काम खतम," ऑपरेटर म्हणाले.

"ते काय असतं?" लीलाबाईंनी विचारलं.

मी अगदी सहज सांगून टाकलं. "नवऱ्यानं टाकलेली."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शिवी दिली. "मले कोणी टाकलं?"

"तसं नाही हो, नुसता शब्द आहे. नवरा सोबत राहत नाही, एवढाच अर्थ."

"असं नाही. मी सोडलं त्याले. उलटं लिखा."

"उलटं लिहायला जागा नाही लीलाबाई! चारच पर्याय आहेत."

"मग पाचवा करा."

ऑपरेटर हसले. मागे रांगेत पंधरा बायका, उन्हाचे चटके, आणि माझं डोकं भणभणत होतं. मी हात जोडले, आवाज चढवला, समजावलं. महिन्याला हजार रुपये! वर्षा बारावीत आहे, तिला पुढे नर्सिंगला जायचंय, बसचा पास आहे, फी आहे. एका शब्दासाठी एवढं घालवणार? हा शब्द वाचणार तरी कोण?

"मी वाचीन ना," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर नाही लिखून ऱ्हायले मॅडम. माझ्यावर लिखून ऱ्हायले." आणि सही न करता कागद माझ्यापुढे ठेवून त्या भांडी घासायला निघून गेल्या.

आठव्या दिवशी संध्याकाळी शिबिर संपत आलं. ऑपरेटर सामान आवरता आवरता म्हणाले, त्या बाईंचा अर्ज अर्धा पडलाय, सोडून देऊ का? टेबलावर त्यांचा फॉर्म होता. फोटो चिकटवलेला, सगळं भरलेलं, एक रकाना आणि एक सही तेवढी बाकी. मला इतका संताप आला होता की काय सांगू. या बाईच्या हट्टापायी एका हुशार मुलीचं शिक्षण अडणार, असं मला वाटत होतं. मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं, असंही वाटत होतं. मी परित्यक्तावर खूण केली. मग इतकी वर्षं पाहिलेली ती चार अक्षरं, तशीच खडबडीत, तशीच थांबत थांबत, कागदावर काढली. ऑपरेटरनं बटण दाबलं.

बसमध्ये बसल्यावर मला जरा बरंसुद्धा वाटत होतं. हे कबूल करायला हवं.

काही दिवसांनी पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, आणि पुढे वर्गवारी. हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कॉलेजहून येता येता वर्षानं यादी वाचली आणि आईला जाऊन सांगितलं. सगळ्या गावानं वाचली. ज्या गावानं लीलाबाईंना पोतं घेऊन बस स्टॉपवर जाताना पाहिलं होतं, त्या गावाच्या भिंतीवर त्या आता नवऱ्यानं टाकलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले तर त्या डाळ निवडत होत्या. वर बघितलं नाही.

"सही कोणी केली?"

"मी," मी म्हटलं. "लीलाबाई, तुमच्या भल्यासाठी..."

"मले वाचून दाखवलं होतं?"

"नाही."

"तोही भल्यासाठीच म्हणे. राशन कार्ड."

त्यांनी डाळीतला एक खडा उचलून दाराबाहेर टाकला.

"मी पंचायतीत गेली होती सकाळी. नाव काढा म्हटलं. सचिव म्हणाला, ही सही माझी नाही असं लिहून द्या, लगेच काढतो. मी विचारलं, मग ज्यानं केली त्याचं काय? तो म्हणाला, सरकारी माणूस असेल तर नोकरी जाईल."

"मग?"

"मग काय. घरी आली."

त्यानंतर जवळजवळ वर्षभर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. तांदूळ संपले. गॅस संपत आला. आज दोन मुलं जास्त आहेत. पूर्वी अकरा वाजता चहा माझ्या टेबलावर त्या स्वतः आणून ठेवायच्या, आता दुसरी मदतनीस आणायची. पैसे त्यांच्या खात्यात दर महिन्याला येत होते आणि त्यांनी एक रुपया काढला नाही. हे मला वर्षाकडून कळायचं. मुलीला बारावीनंतर नर्सिंगला प्रवेश मिळत होता, आईनं "या वर्षी नाही" म्हणून सांगितलं. मी फी भरायची तयारी दाखवली, तर वर्षाच ओशाळून म्हणाली, "मॅडम, आई ऐकणार नाही. तुम्ही बोलू पण नका." एक वर्ष त्या मुलीनं घरी काढलं, आईबरोबर केळीचे घड वाहिले. तिच्याही ओढण्यांवर काळे डाग पडायला लागले. खात्यात पैसे पडून होते! मला त्या बाईला गदागदा हलवावंसं वाटायचं, आणि मग आठवायचं की हा घोळ माझ्याच हातानं झालाय.

स्वतःच्या पैशाला शिवायचं नाही, पण दुसऱ्यांच्या पैशाची राखण मात्र जोरात चालली होती. महिन्याचे पैसे जमा झाले की यांचा फोन एकामागून एक वाजायचा. मग या बागेतून, शेतातून, घरोघर जाऊन सांगणार, "तुझे आले. तुझेही आले." शांता नावाची एक बाई होती, तिचा नवरा ट्रॅक्टर चालवायचा. बायकोला पैसे मिळायला लागल्याबरोबर त्यानं घरात तेल-मिठाला द्यायचे पैसे बंद केले. "तुला सरकार देतं ना आता." शांता रडत शाळेत आली. लीलाबाई हातातला झारा तसाच घेऊन तिच्या घरी गेल्या. मागून मीही गेले, न जाणो झाऱ्याचा उपयोग होईल म्हणून.

"का रे," त्यांनी त्या माणसाला अंगणातच विचारलं, "पैसे हिले आले का तुले आले?"

"हिलेच आले की. मी कुठं घेतले?"

"तेलाचे देत होता ते बंद केले. म्हणजे हिच्या हातात आले आणि तुझ्या खिशात ऱ्हायले. मग सरकारनं तुलेच दिले ना? तुझं नाव टाकू का यादीत? बहिणींच्या?"

शेजारपाजारचे हसले. नवरा चिडला, पुटपुटला, पण तेलाचे पैसे पुन्हा सुरू झाले. दोन महिन्यांनी शांतानं सासूला चष्मा करून आणला. सात वर्षं म्हातारी धान्य चाचपून निवडत होती.

आणखी एक गोष्ट त्याच हंगामात झाली. केळी कापणीच्या ठेकेदारानं बायकांची मजुरी कमी केली. कारण तेच, तुम्हाला आता घरबसल्या मिळतात. एरवी बायका गप्प गेल्या असत्या, कारण दुसऱ्या दिवशीच्या पिठाची सोय त्याच मजुरीतून व्हायची. या वेळी त्या गेल्या नाहीत. पाच दिवस घरी बसल्या. घरात थोडं काही होतं म्हणून बसू शकल्या. केळी झाडावर पिकायला लागली, ट्रक उभे राहिले, सहाव्या दिवशी ठेकेदार जुन्या दरावर आला. लीलाबाईही पाच दिवस बसल्या, खात्यातल्या पैशांना हात न लावता. त्या पाच दिवसांत त्यांच्या घरी काय शिजलं हे मी विचारलं नाही, आणि शाळेत उरलेली खिचडीही त्यांनी घरी नेली नाही. असला माणूस आपल्या रोजच्या आयुष्यात असणं किती दमवणारं असतं, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल.

मग रामदास उगवला. इतक्या वर्षांत मुलीला एक फ्रॉक पाठवला नव्हता, पण बायकोच्या खात्यात पैसे येतात आणि आपलं नाव भिंतीवर बायको टाकणारा म्हणून लागलंय, हे कोणीतरी त्याला सांगितलं. त्यानं वर तक्रार केली. मी बायकोला टाकलेलं नाही, तिनं खोटी माहिती देऊन पैसे घेतलेत. त्याचा हिशेब असा होता, की नोंद दुरुस्त होऊन आपलं नाव पुन्हा घरात लागेल आणि मग पैसेही घरातच येतील.

चौकशीला तालुक्याहून एक अधिकारी बाई आल्या. पंचायतीच्या ओट्यावर खुर्च्या मांडल्या, फॉर्म बाहेर काढला गेला, आणि तो कोणी भरला हे सांगायला मलाही बोलावणं आलं. नोकरीची तीन वर्षं राहिली होती. समोर अर्धं गाव. रामदास इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, लीलाबाई नेहमीसारख्या, डागांच्या साडीत.

"मैंने इसको नहीं छोड़ा मॅडम," रामदास म्हणाला. "इसीने मेरेको निकाला. पूरे गाँव से पूछ लो."

अधिकारी बाईंनी लीलाबाईंकडे बघितलं. त्यांना वाटलं असणार, आता ही बाई रडेल, नाही म्हणेल. रोजच्या चौकशांत तसंच होत असणार.

"खरं बोलून ऱ्हायला तो," लीलाबाई म्हणाल्या. "आयुष्यात पहिल्यांदा."

ओट्यावर हशा पिकला. अधिकारी बाईंनी चष्मा काढून पुसला. मग फॉर्म पुढे धरला. "पण इथं परित्यक्ता लिहिलंय. खाली सही आहे. ही सही तुमची?"

मी उठायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की सही मी केली. मी उठले नाही.

लीलाबाईंनी कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. "सही माझ्या नावाची आहे," त्या म्हणाल्या. "पर तो शब्द चुकीचा आहे. तो काढा. पैसे तसेच खात्यात आहेत, एकही काढला नाही. सगळे परत घ्या."

"विचार करा बाई. नाव एकदा कटलं की..."

"काटा. पर तुमच्या कागदात खरं काय ते लिखा. मी त्याले घरातून काढलं, माझी जागा विकली म्हणून काढलं. हे लिखलं पाहिजे."

अधिकारी बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि मग खरंच लिहिलं. शेऱ्याच्या जागेत, तीन ओळी. रामदास म्हणत होता, "और मेरा नाम?" सचिव म्हणाला, तुमचं नाव या घरात नाही, तुम्हीच आत्ता सांगितलं की तुम्हाला काढलंय. तो दुपारच्या बसनं गेला. या वेळी तिकीट त्याचं त्यानं काढलं.

शाळेकडे परत येताना मी लीलाबाईंच्या बरोबरीनं चालायचा प्रयत्न करत होते आणि त्यांच्या लांब ढांगांमागे धापा टाकत होते. "तुम्ही माझी नोकरी वाचवलीत," मी म्हटलं.

"असं नाही. तुम्ही गेल्या असत्या तर दुसरी मास्तरीण कधी आली असती? मागच्या वेळी दोन वर्षं कोणीच नव्हतं. पोरं बाहेर गोट्या खेळत होती."

"पण तुमचे पैसे गेले!"

"आलेच कुठं होते?"

नंतर मीच त्यांच्या मागे लागले. तलाक घ्या, कोर्टाचा कागद आला की तलाकशुदा लिहिता येईल, त्यात कोणी कोणाला टाकलं असं नसतं. हे त्यांना पटलं, हेच आश्चर्य. बुऱ्हाणपूरच्या कोर्टात तारखा पडत गेल्या, मी साक्षीला गेले, आणि तिथं वकिलानं विचारलं ते सगळं खरं सांगितलं. दीड वर्षानं कागद हातात आला. तोवर योजनेचे नवे अर्ज घेणं बंद झालं होतं. मी पंचायतीत भांडले, तालुक्याला दोन चकरा मारल्या, वैतागून अर्ज लिहिले. काही झालं नाही. लीलाबाईंना हे सांगताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. शांताले येतात ना अजून?" वर्षा एक वर्ष उशिरा का होईना, नर्सिंगला गेली. फी त्या दोघींनी केळी कापून भरली. मला आजही त्या एका वर्षाचं वाईट वाटतं. लीलाबाईंना वाटतं की नाही, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

गेल्या वर्षी माझी बदली झाली. नोकरीचं शेवटचं वर्ष नेपानगरजवळच्या शाळेत. शेवटच्या दिवशी मुलांनी फुलं दिली, सरपंचांनी शाल दिली. लीलाबाई मला बसपर्यंत पोचवायला आल्या. रस्त्याच्या कडेला आम्ही दोघी उभ्या होतो. बस दिसायला लागली तेव्हा कुठं माझ्याच्यानं विचारवलं.

"लीलाबाई, त्या सहीचा राग आहे का अजून?"

त्यांनी माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली. "हो," त्या म्हणाल्या. "आहे थोडा."

बस थांबली. त्यांनी माझा दंड धरून मला पायरीवर चढवलं, आत खिडकीजवळ जागा आहे का ते वाकून बघितलं, कंडक्टरला सांगितलं की मॅडमना नीट उतरवा. बस सुटेपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या. 'नाही' म्हणाल्या असत्या तर मी सुखानं गेले असते. ते त्यांनाही माहीत होतं.